उशिरा येणारं हं

रोहिदासचं हं वेळेवर आलं, आणि चारुशीला वाजगेच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली.

सकाळचे सात वाजले होते. फोन ओट्यावर, मिसळणाच्या डब्याला टेकवून उभा केलेला. टाकीचा कॉक पुन्हा गळतोय आणि प्लंबर तीनदा निरोप देऊनही फिरकलेला नाही, असं नवऱ्याला सांगून ती थांबली. तीन वर्षांची सवय होती ती. रोहिदास चिलीत होता, दक्षिण अमेरिकेत, आटाकामाच्या वाळवंटात. तिथल्या उंच पठारावर आकाश ऐकणाऱ्या मोठाल्या अँटेना आहेत, आणि त्या फिरवणाऱ्या यंत्रांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो फिटर होता. नारायणगावजवळ खोडदच्या अँटेनांवर पंधरा वर्षं हात बसलेला माणूस म्हणून त्याला बोलावून नेलं होतं. अँटेनांच्या कामात अडथळा नको म्हणून तिथं व्हिडिओ चालत नसे. छावणीतल्या तारेच्या जोडणीवरून नुसता आवाज यायचा, आणि तोही उशिरा. इथलं वाक्य तिथं पोचून तिथलं हं इथं परत यायला पाऊण सेकंद लागायचा.

पहिल्या महिन्यात त्या पाऊण सेकंदानं दोघांची भांडणं लावली. ती म्हणायची, "बाजारात वांगी मस्त मिळाली." उत्तर आलं नाही म्हणून पुढं सांगायची, "तुमच्या आत्याबाई न्हाणीत पडल्या." आणि नेमकं त्यावर त्याचं "वा, छान!" येऊन आदळायचं. मग ती शिकली. वाक्य संपवायचं, मनात एक म्हणायचं, हं घ्यायचं, पुढं जायचं. फोडणी तडतडेपर्यंत थांबतो तसं. हळूहळू तिला ते आवडायलाही लागलं. घरात असताना याच माणसाला हं म्हणायला अर्धा तास लागायचा, कारण डोळे मोबाइलमध्ये. सोळा हजार किलोमीटर लांब गेल्यावर तो पाऊण सेकंदावर आला होता, ही प्रगतीच म्हणायची.

आज ती थांबली तेव्हा हं आधीच येऊन बसलेलं होतं. तिनं सोडलेली जागा रिकामीच राहिली, पाहुणा मागच्या दारानं घरात शिरावा आणि आपण पुढच्या दारात उभं राहावं तशी.

"आज लवकर आलं," ती म्हणाली.

"काय?" हेही लगेच.

"तुमचं हं."

पलीकडं क्षणभर काही नाही. मग तो हसला. "अगं, ते होय! कंपनीनं लाइन बदलली. ते नवीन लगोलग नावाचं यंत्र बसवलंय आता."

"सांगितलं नाहीत."

"कालच बसवलं. सांगायचंच होतं. बरं, झोपतो आता, इथं साडेदहा वाजून गेले. येतो."

फोन ठेवताना तो नेहमी येतो म्हणायचा. त्याच्या आईनं लावलेलं वळण. घरातून निघणाऱ्यानं जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं. पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला असतानाही तो रोज सकाळी तिच्या ओट्यावरून 'येतो' म्हणून निघून जायचा.

चारुशीलानं कॅलेंडरकडं पाहिलं. अकरा सप्टेंबर. का पाहिलं ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

*

चारुशीलाचं काम मजेशीर होतं. प्रवासाची माहिती देणाऱ्या एका संकेतस्थळावर जगातल्या कुठल्याही दोन विमानतळांमधलं अंतर आणि लागणारा वेळ सांगणारी लाखभर पानं होती. ती यंत्रच लिहायचं, सगळ्या भाषांत. त्यातलं मराठी माणसानं वाचल्यासारखं करायला तिच्यासारख्या बायका घरबसल्या नेमल्या होत्या. यंत्र लिहायचं, "तुम्ही पुणे पासून उडून जाण्यासाठी आनंदी व्हाल." ती ते खोडायची. बारावीनंतर शाळा सुटली, पण लेक नर्सिंगला नाशिकला गेल्यावर लेकीच्या जुन्या लॅपटॉपवर ती हे सगळं आपलं आपण शिकली. पृथ्वी गोल असल्यामुळं सरळ रेषा नकाशावर वाकडी का दिसते, पूर्वेला जाताना वरचा वारा विमानाला ढकलतो म्हणून वेळ कमी का लागतो, हे ती आता कुणालाही समजावून देऊ शकत होती. विमानात मात्र ती एकदाही बसलेली नव्हती.

पुणे ते कालामा हे पान तिनं मागून घेतलं होतं. कालामा म्हणजे रोहिदासच्या डोंगराजवळचा विमानतळ. अंतर सोळा हजार एकशे तीस किलोमीटर. यंत्रानं त्याला ताशी साडेआठशेनं भागलं, चढ-उताराचा अर्धा तास मिळवला आणि लिहिलं, प्रवास साडेएकोणीस तास. चारुशीलानं ते खोडून लिहिलं होतं, "थेट विमान नाही. दोन-तीन ठिकाणी बदलून छत्तीस ते चाळीस तास." वरच्यांनी विचारलं, हे कशावरून? ती म्हणाली, माणूस घरून निघतो आणि पोचल्याचा फोन येतो, त्यावरून.

त्या दुपारी तिनं कामाची पानं बाजूला ठेवली आणि लगोलगबद्दल सापडेल ते वाचलं.

आवाज आता उजेड होऊन काचेच्या धाग्यातून जातो. उजेड मोकळ्या जागेत सेकंदाला तीन लाख किलोमीटर पळतो, काचेत दोन लाख. समुद्रतळाच्या केबली पक्ष्यासारख्या सरळ जात नाहीत, खंडांना वळसे घालतात, आणि वाटेत ठिकठिकाणी आवाजाची गाठोडी बांधावी-सोडावी लागतात. म्हणून वेळ जातो. यंत्रं सुधारून त्यातला थोडा वाचेल, सगळा नाही. उजेडाला घाई करता येत नाही.

लगोलग काढणाऱ्यांनी मग उजेडाचा नाद सोडला आणि माणसाचा धरला. पुढच्या पाऊण सेकंदात माणूस काय बोलणार, हे बहुतेक वेळा ठरलेलं असतं. हं. हो का. मग? अगं बाई. तर तुमच्या माणसाच्या जुन्या फोनांवरून त्याच्या बोलण्याचा एक साचा करायचा, तो तुमच्या अलीकडच्या टोकाला बसवायचा, आणि खरा आवाज पोचेपर्यंतची फट त्या साच्यानं भरायची. अंदाज बरोबर निघाला तर कुणाला काही कळत नाही. चुकला, तर खरा आवाज पोचताच यंत्र आपला शब्द गिळतं आणि खरा पुढं ढकलतं. त्या वेळी घशात काहीतरी अडकल्यासारखा बारीक आवाज होतो. कंपनीच्या कागदांत त्याला लांबलचक नाव होतं. लोक त्याला आवंढा म्हणायचे.

म्हणजे आज सकाळचं हं त्याचं नव्हतंच. ते इथंच, पुण्यामुंबईकडच्या एखाद्या गार खोलीतल्या पेटीत तयार झालं होतं. तिनं लॅपटॉप मिटला. तीन वर्षं जपून जागा सोडलेलं हं, आणि आता त्या जागी पेटी हुंकार भरणार.

*

"मला तर येगळाच वास येतोय," नलूताई म्हणाल्या.

नलूताई म्हणजे थोरल्या जाऊबाई. वाजग्यांच्या वाटण्या होऊन घरं वेगळी झाली होती, भिंत मात्र एकच होती, आणि ती नलूताईंच्या कानाला पातळ पडायची. त्यांची लेक टोरांटोला. त्यांच्याकडं लगोलग वर्षापूर्वीच आलं होतं.

"कसला वास?"

"बाप्यामानूस तीन वर्षं एकटा. तिथं कुनीतरी आसनार. यंत्र लावून दिलंय तुझ्याशी हं-हं करायला, आन् आपण बसलाय तिच्यासंगं जेवत."

"यंत्र नुसती फट भरतं, ताई. बाकी माणूसच बोलतो."

"तुला काय म्हाईत? मी एकदा लेकीला सांगत व्हते, तुझ्या सासूचं आसं झालं, तसं झालं. ती आपली हं, हं. मागनं कळलं, ती फोन ठिवून आंघोळीला गेलती. धा मिनटं मी पेटीशी बोलले."

"मग?"

"मग काय? पेटीनं ऐकून तरी घेतलं. लेक मधीच तोडती."

चारुशीला हसली, पण घरी आल्यावर तिचं हसू गेलं. मे महिन्यात रोहिदास सुट्टीवर आला होता तेव्हा गावानं त्याचा सत्कार केला होता. शाल, नारळ, आणि एसटी स्टँडवर हा एवढा बोर्ड. 'नारायणगावचे सुपुत्र, खोडद ते चिली.' जूनमध्ये तो परत गेला, आणि त्यानंतर त्याच्या बोलण्यात काहीतरी बदललं होतं. आधी तो तिथल्या दगडांचे रंग सांगायचा, रात्रीचं आकाश सांगायचं तर त्याला शब्द पुरायचे नाहीत. तिथं वर पाल नाही, डास नाही, मुंगीसुद्धा नाही, अशा जागी देवानं काय म्हणून माणूस नेला असेल, असं म्हणायचा. आता विचारलं की म्हणे, "तेच गं. दगड आणि वाळू."

दिवाळीला घरी येणं जमणार नाही म्हणाला. छत्तीस तास जायचे, छत्तीस यायचे. तिला ते पाठच होतं. तिनं फराळाचा डबा कुरिअरनं छावणीच्या पत्त्यावर पाठवला. भाऊबीज होऊन आठवड्यानं त्यानं सांगितलं, डबा मिळाला.

"चकली?"

"एक नंबर."

"चिवडा?"

"चांगलाय. खोबरं जरा जास्त झालंय."

चारुशीला ओट्याला टेकून उभी राहिली. खोबरं जास्त झालंय, हे तो गेली बावीस वर्षं दर दिवाळीला म्हणत होता. फक्त यंदा खोबऱ्याला खवट वास आला म्हणून तिनं चिवड्यात खोबरं घातलंच नव्हतं.

तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा अंदाज होता. मागच्या दिवाळ्यांवरून बांधलेला. नलूताई म्हणाल्या ते खरंच असेल तर? हं-हं करणारी पेटी आता चिवडाही खायला लागली असेल तर?

*

तिनं परीक्षा घ्यायची ठरवलं. आधी नलूताईंच्या फोनवर करून पाहिली. टोरांटोला फोन लावला, आणि नलूताईंनी चारुशीलानं पढवल्याप्रमाणं भाजीपाल्याचे भाव सांगता सांगता त्याच सुरात म्हटलं, "आन् तुझे दादा काल झाडावर चढून बसले." पलीकडून आधी "हं" आलं, मग घशात अडकल्यासारखा तो आवाज, मग "काय? दादा? कुठल्या झाडावर?" ठणठणीत आवंढा. वेगळ्या वाक्यांनी तीनदा करून पाहिलं, तीनदा आला. न सुचणारी गोष्ट यंत्रालाही सुचत नाही. तिथं त्याला उजेडाची वाट पाहावीच लागते.

"आमचे हे खरंच चढलेत का गं झाडावर?" फोन ठेवल्यावर नलूताईंनी विचारलं. "न्हाई, आता मलाच पटाया लागलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता चारुशीला फोनसमोर उभी राहिली. हात कोरडे करून. घसा साफ करून.

"गॅस काल संपला," ती म्हणाली.

"हं."

"दळण आणलं."

"हं."

"कपाटात मोर निघाला."

"मोर?" रोहिदास खदखदून हसला. "कुठल्या कपाटात? साड्यांच्या?"

आवंढा नाही. फट नाही. हं येऊन गिळलं गेलं नाही. वाक्य संपायच्या आत माणसाचं हसू आलं होतं, शेजारच्या खोलीतून यावं तसं.

"गंमत केली," ती म्हणाली. "बघत होते, ऐकताय का."

"ऐकतोय गं. येतो."

फोन बंद झाल्यावर ती स्टुलावर बसली. पेटी असती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. कारण आता हिशेब सोपा होता, आणि तो तिला येत होता. कपाटात मोर निघणार याचा अंदाज कुणालाच आधी बांधता येत नाही. ते ऐकायलाच हवं. चिलीत ऐकलं असतं तर त्याचं 'मोर?' इथं यायला पाऊण सेकंद लागला असता. लागला नव्हता. म्हणजे लाइनीवर लगोलग नव्हतं, आणि चिलीही नव्हतं. तो कुठंतरी जवळ होता. इतका जवळ, की उजेडाला वाटेत जांभई द्यायलाही वेळ मिळू नये.

आणि आपण चिलीतच आहोत असं त्याला सांगता आलं होतं ते त्या यंत्रामुळंच. अंतर मिटवणारं यंत्र जगात आलं नसतं, तर वेळेवर आलेल्या पहिल्याच हंला तो पकडला गेला असता. आता जवळ असलेल्या कुणीही म्हणावं, मी लांब आहे, लगोलग बसवलंय.

कुठं असेल? कुणाबरोबर?

*

नलूताईंना तिनं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दुपारपर्यंत ते बाजारात टोमॅटोच्या क्रेटबरोबर मोजलं गेलं असतं.

ती नुसती ऐकू लागली. रोहिदास काय बोलतो ते नाही, त्याच्या मागं काय बोलतं ते. पंखा होता. चिलीच्या थंडीत पंखा. एकदा कुकरची शिट्टी, पण ती लांबून, दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली. बाईचा आवाज नव्हता. बांगडी नव्हती. चारुशीला बांगडी ऐकायला इतकी टपली होती की स्वतःच्या हातातल्या वाजल्या तरी दचकायची.

आणि एक घरघर होती. सुरू व्हायची, वाढत वाढत डोक्यावरून गेल्यासारखी व्हायची, विरायची. रोज. कधी एकदा, कधी दोनदा.

"हे काय हो?" तिनं विचारलं होतं.

"जनरेटर."

जनरेटर बसल्या जागी घरघरतो. डोक्यावरून जात नाही. तिनं कॅलेंडरचा मागचा महिना उलटून त्याच्या पाठीवर वेळा लिहायला सुरुवात केली. सात पाच. सात बावीस. सात पाच. सात तेवीस. आठ दिवस झाल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. सकाळी सात पाच आणि सात वीसला विमानं सुटणारे विमानतळ देशात बरेच निघाले, पण दोन्ही वेळा जुळणारे चारच. त्यातलं एक तिच्या रोजच्या पानांवरचं. पुणे. लोहगाव.

तरी तिनं मन घट्ट धरलं. योगायोग असू शकतो. मग बुधवारी सात पाचची घरघर आलीच नाही. रोहिदास बोलत राहिला, ती घड्याळाकडं पाहत राहिली. त्याला बोलतं ठेवायला तिनं प्लंबरची गोष्ट तिसऱ्यांदा सांगितली. साडेसातला घरघर आली. तिनं ओल्या हातानं लॅपटॉप उघडला. पुण्याहून सात पाचला सुटणारं विमान, आज धुक्यामुळं पंचवीस मिनिटं उशिरा.

पुणे. सोळा हजार एकशे तीस किलोमीटरमधून सोळा हजार पंचावन्न वजा झाले होते. उरले पंच्याहत्तर.

रडू यायला हवं होतं. आला तो राग, आणि तोही विचित्र गोष्टीचा. या माणसानं लोहगावात बसून तिला रोज सकाळी सांगितलं होतं, झोपतो आता, साडेदहा वाजले. ती त्यावर म्हणायची, पांघरूण नीट घ्या. दोन महिने तिनं उजाडलेल्या माणसाला पांघरूण घालायला सांगितलं होतं.

स्टँडवर जाऊन सरळ गाडीत बसावं का? पण लोहगावात उतरून विचारायचं काय? माझा नवरा चिलीत आहे, तो इथं कुठं राहतो? आणि दार उघडणारा हात बांगडीचा निघाला तर?

*

वीस नोव्हेंबर. सकाळचे सात. ओट्यावर मेथीच्या दोन जुड्या, त्यातली एक सोडलेली.

चारुशीलानं वाक्य तयार ठेवलं होतं. 'खरं सांगा, कुठं आहात?' एवढंच. पण ते जिभेवर येईपर्यंत रोहिदास बोलू लागला. आज तो खुशीत होता, किंवा खुशीत असल्यासारखा.

"इथं काय थंडी पडलीय म्हणून सांगू! कालपासून वरती बर्फ आहे. सगळं पांढरंफेक."

चुक् चुक् चुक् चुक्.

पाल. स्पष्ट, फोनच्या अगदी जवळ, भिंतीवर बसून कुणाचं तरी बोलणं ऐकल्यासारखी.

आणि तिच्यामागोमाग, क्षणाचाही उशीर न होता, लाकडावर बोटाची टकटक. तीनदा. आणि रोहिदासचा आवाज, पुटपुटल्यासारखा, त्याचा त्यालाही न कळता:

"कृष्ण, कृष्ण."

बोलताना पाल चुकचुकली तर बोललेलं खरं ठरतं, असं सासूबाई म्हणायच्या. त्यांनीच लेकाच्या बोटाला ही टकटक लावली होती. बर्फाच्या बाबतीत मात्र पाल साफ चुकली होती.

पंखा फिरत होता, त्याच्याकडचा. टाकीचा कॉक गळत होता, तिच्याकडचा.

"लाइनीत काहीतरी—" त्यानं सुरुवात केली.

"एक पान तपासायचं राहिलंय," चारुशीला म्हणाली. तिचा आवाज तिला वाटला होता त्याहून शांत निघाला. "वाचून दाखवू? कुठं चुकलं तर सांगा."

"वाच."

"पुणे ते कालामा. अंतर सोळा हजार एकशे तीस किलोमीटर. थेट विमान नाही. दोन-तीन ठिकाणी बदलून छत्तीस ते चाळीस तास."

"हं." लगेच.

"दुसरं. पुणे ते नारायणगाव."

यावर हं आलं नाही.

"अंतर पंच्याहत्तर किलोमीटर. विमानाची सोय नाही. एसटीनं दोन तास, चाकणला गर्दी असली तर अडीच. आतापर्यंत लागलेला वेळ, दोन महिने नऊ दिवस. प्रवासी अजून पोचलेला नाही."

ती थांबली. जुन्या सवयीनं मनात एक म्हणाली. मग दोन म्हणाली. तीन. त्याच्याकडं घरघर सुरू झाली, वाढली, डोक्यावरून गेली, विरली. सात पाचचं आज वेळेवर होतं. अकरा. बारा. इतका उशीर चिलीहूनसुद्धा कधी लागला नव्हता.

"हं," रोहिदास म्हणाला.

हे पेटीचं नव्हतं. कुठल्याही साच्यात बसणारं नव्हतं. ते खोलवरून, ओढत आणल्यासारखं आलं होतं.

"एकटेच आहात?" तिनं विचारलं. एवढाच प्रश्न होता खरं तर. बाकी सगळं त्याच्याभोवतीचं टरफल.

"एकटाच," तो म्हणाला. "आणि पाल."

ती हसणार नव्हती. तोंडावर पदर धरला.

मग तो सांगू लागला, तुटक तुटक, आणि ती मध्ये हं म्हणायची विसरली. जूनमध्ये परत गेला तेव्हापासूनच वर श्वास पुरत नव्हता. पाच हजार मीटरवर हवा निम्मी. तिघांत मिळून एक नट आवळायचा तर याला आधी खाली बसावं लागे. डॉक्टरनं बोटाला चिमटा लावून तीन वेळा रक्तातली हवा मोजली आणि सांगितलं, खाली जा, पुन्हा वर येऊ नकोस. कंपनीनं हातात परतीचं तिकीट दिलं. छत्तीस तास तो हेच घोकत आला की पुण्याहून सरळ गाडी धरायची. धरलीही होती.

"मग?"

"नारायणगावच्या स्टँडवर उतरलो. बोर्ड समोरच. हसतोय मी त्याच्यावर, शाल घेऊन. सुपुत्र. म्हटलं, आता घरापर्यंत दहा माणसं भेटणार, काय रोहिदास, इतक्यात? तीच गाडी परत निघाली होती. तीत बसलो."

"तिकीट काढलंत?"

"काढलं."

घरापासून दहा मिनिटांवर उतरला होता तो. चारुशीलानं डोळे मिटले. अकरा सप्टेंबरच्या आदल्या दिवशी.

"विमानतळावर सामान वाहणारे पट्टे आहेत ना, त्यांच्या दुरुस्तीला लागलोय. तात्पुरतं. कंत्राट संपायच्या तारखेला आल्यासारखा येणार होतो, मार्चमध्ये."

"आणि फराळ?"

"तो छावणीत पोचला. तिथल्या पोरांनी खाल्ला. फोटो पाठवला त्यांनी."

"यंदा खोबरं घातलं नव्हतं मी."

आता जो उशीर झाला तो अगदी नेहमीचा होता. पाऊण सेकंद.

"दरवर्षी जास्त असतं," तो म्हणाला.

"म्हणून अंदाज केलात."

"हं."

बाहेर नलूताईंचं दार वाजलं. भिंतीपलीकडं कुणीतरी कान टवकारल्याची जाणीव तिला झाली, आणि तिनं फोन मिसळणाच्या डब्यापासून उचलून कानाला लावला. कितीतरी दिवसांनी. आवाज एकदम जवळ आला. श्वासासकट. त्याला थोडी धाप लागली होती, बसल्या जागी. हे तिला स्पीकरवर ऐकू आलंच नव्हतं.

"चारू, बोर्ड आहे का गं अजून?"

"आहे. नवरात्रात वारं सुटलं त्यात अर्धा फाटला. तुमचं नाव गेलंय, डोकं आहे. खाली 'सुपु' एवढंच उरलंय."

तो हसला. मग खोकला. मग बराच वेळ काहीच नाही, आणि ती थांबली. जागा सोडून.

"येतो," रोहिदास म्हणाला.

त्यानं फोन ठेवल्याचा आवाज येईल म्हणून तिनं वाट पाहिली. येतो म्हटलं की तो ठेवायचाच, तीन वर्षांत एकदाही चुकला नव्हता. आवाज आला नाही. आधी कपाटाचं दार वाजलं. मग बॅगेची चेन ओढल्याचा लांब आवाज, मध्येच अडकून पुन्हा ओढलेला. पंखा बंद झाला. पाल पुन्हा चुकचुकली, आणि या खेपेला टकटक तिनं केली, ओट्यावर, आपल्या बोटानं.

तरी विश्वास ठेवायची तिला घाई नव्हती. मागच्या वेळी तो स्टँडपर्यंत आला होता. तिनं कॅलेंडरच्या पाठीवर, घरघरीच्या वेळांखाली, आपल्या रोजच्या पानांसारखं नीट लिहिलं: लोहगाव ते घर. निघण्याची वेळ, सात एकोणीस. त्याखाली लिहिलं: पोचण्याची वेळ. त्यापुढची जागा रिकामी ठेवली, आणि मेथीची दुसरी जुडी सोडायला घेतली.